घर आमचं, दुकान तुमचं: सांगलीतल्या एका कन्सल्टंटचं कंपनीला खुलं पत्र

प्रति,
व्यवस्थापन आणि विभागीय प्रमुख,
घरगुती पार्ट्यांमधून डबे, भांडी आणि सौंदर्यप्रसाधनं विकणारी कंपनी

विषय: कन्सल्टंटने, म्हणजे तुमचा माल विकणाऱ्या बाईने, दर महिन्याला करायची कमीत कमी खरेदी ६,००० वरून १०,००० रुपये केल्याबद्दल आणि पडून राहिलेला माल परत घ्यायला नकार दिल्याबद्दल.

स.न.वि.वि.

गेल्या महिन्याच्या २८ तारखेला रात्री साडेनऊला आमच्या ग्रुपवर तुमचा मेसेज आला. पुढच्या महिन्यापासून ज्या कन्सल्टंटची खरेदी १०,००० च्या खाली राहील, तिची आयडी, म्हणजे विक्रेती म्हणून असलेली नोंदणी, बंद होणार. तिच्या खालची टीम, म्हणजे तिने जोडलेल्या बायका, वरच्या मॅनेजरकडे जाणार. आणि ३० दिवसांपेक्षा जुना माल कोणत्याही कारणाने परत घेतला जाणार नाही. त्याखाली फुलांचा गुच्छ आणि ‘चला, नवी उंची गाठू या’. दहा मिनिटांत चाळीसेक अंगठे आले. त्यात माझाही होता, सवयीने हात गेला. मग फोन उलटा ठेवला आणि मी माळ्याकडे बघत बसले.

त्या माळ्याचं आधी सांगते, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. जुनं, बैठं. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे काय झालं असेल ते बघा. त्या वर्षी आमचं जे वाचलं ते माळ्यावर चढवलेलं तेवढंच: गव्हाची कोठी, मुलांची सर्टिफिकेटं, माझ्या शिलाई मशीनचं डोकं आणि सासूबाईंचा फोटो. पाणी माळ्याच्या खाली वीतभर थांबलं. भिंतीवरची ती रेघ रंग दिला तरी पावसाळ्यात अजून ओलीने वर येते. तेव्हापासून आमच्याकडे ठरलेलं आहे, जून लागायच्या आत माळा मोकळा करायचा.

मागच्या पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढवल्याच्या बातम्या सुरू झाल्या तशी मिस्टरांनी शिडी लावली. म्हणाले, गहू वर टाकू. वर चढले आणि तसेच थांबले. वर जागाच नव्हती. तुमचे अकरा खोके होते. ते मला एक शब्द बोलले नाहीत. खाली उतरले, रिक्षा आणली आणि गव्हाचं पोतं विश्रामबागला नणंदेकडे पोचवून आले. त्या वेळी पाणी आमच्या गल्लीत शिरलं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि हे पत्र खरं तर तेव्हाच लिहायला हवं होतं.

मी शिलाईकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म. मिस्टर कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहेत. तुमच्याकडे मी आले ती दोन वर्षं दोन महिन्यांपूर्वी, संक्रांतीच्या हळदी-कुंकवात. ओळखीच्या ताईंनी बोलावलं होतं. हळद-कुंकू झालं, तिळगूळ झाला, वाण म्हणून हातात झाकणाचा एक छोटा डबा पडला. तो तुमचा होता. मग ताई म्हणाल्या, पाच मिनिटं बसा, एक छान गोष्ट दाखवायची आहे. दारातून आत येताना आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की आपण विक्रीला आलो आहोत.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या मालाला मी नावं ठेवत नाही. तुमचे डबे माझ्या फडताळात आहेत, चांगले आहेत, झाकण अजून घट्ट बसतं. माझी तक्रार विकण्याच्या पद्धतीबद्दल आहे. त्या पद्धतीचा सगळा खर्च, सगळा ताण आणि सगळं नुकसान आमच्या अंगावर टाकलंय, त्याबद्दल आहे.

पहिली तक्रार नाही म्हणण्याबद्दल. दुकानात बाई दहा वस्तू उलटसुलट करून बघते आणि काही न घेता बाहेर पडते, कुणाला वाईट वाटत नाही. कुणाच्या घरी चहा-पोहे खाल्ल्यावर तसं उठता येत नाही. हे तुम्हाला चांगलं माहीत आहे, म्हणूनच तर पार्टी घरी ठेवायची. ही युक्ती काही नवी नाही. माझ्या मुलीने मला वाचून दाखवलं की अमेरिकेत टपरवेअरचे डबे दुकानांत पडून राहायचे आणि बायकांच्या घरगुती पार्ट्यांत धडाधड खपायचे, म्हणून त्या कंपनीने १९५१ मध्ये माल दुकानांतून काढूनच घेतला. त्या पार्ट्यांची घडी ज्या बाईने बसवली त्या ब्राउनी वाईज, त्यांना १९५८ मध्ये कंपनीने बाहेर काढलं. तुमची कंपनी ती नव्हे, आणि त्यांचा हिशेब मला तुमच्याकडे मागायचा नाही. पण पद्धत तीच आहे आणि तिला पाऊणशे वर्षं होत आली. तेव्हा ‘हे आमच्या लक्षात आलं नव्हतं’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

ऑर्डर फॉर्म कसा फिरतो तेही लिहिते, कारण ते बारकाईने ठरवलेलं आहे. पंधरा बायकांना पंधरा फॉर्म देत नाहीत. एकच लांब कागद, एकच पेन. पहिलं नाव होस्टेसच्या, म्हणजे जिच्या घरी पार्टी तिच्या, सख्ख्या बहिणीचं किंवा जावेचं, तिला आधीच सांगून ठेवलेलं असतं की हजाराच्या वरचं लिही. मग कागद हातोहात पुढे जातो. प्रत्येक जण वरचे आकडे बघते आणि आपला लिहिते. कोपऱ्यात बसलेल्या बाईपर्यंत कागद पोचतो तेव्हा तिच्या वर तेरा नावं असतात, तेरा रकमा असतात आणि सगळ्या तिच्याकडे बघत असतात. हे मला तुमच्या कोल्हापूरच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं. ‘फॉर्म कधी कोपऱ्यातून सुरू करायचा नाही’, हे वाक्य माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत, एकट्या राहतात, मिस्टरांच्या पेन्शनवर. माझ्या तीन पार्ट्यांना आल्या. तिन्ही वेळा काहीतरी घेतलं. ‘तुझ्याकडे यायचं आणि रिकाम्या हाताने कशी जाऊ गं’, असं म्हणायच्या. तिसऱ्या वेळी त्यांनी बटवा काढला, दहा-दहाच्या नोटा मांडीवर मोजल्या. चाळीस रुपये कमी पडले. मी म्हटलं, राहू द्या काकू. नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चाळीस रुपये घेऊन दारात उभ्या होत्या. पुढे एकदा त्यांना ताप होता म्हणून मी पेज घेऊन गेले. वाटी काढायला फडताळ उघडलं तर तिन्ही डबे तिथे एकावर एक ठेवलेले, किमतीच्या स्टिकरसकट. एकदाही वापरलेले नव्हते. त्या डब्यांवर मला कमिशन मिळालं होतं. तुम्हाला त्याहून जास्त मिळालं असणार.

दुसरी तक्रार महिनाअखेरची. माझ्याकडून तुम्ही सगळ्यात जास्त पैसा काढलात तो इथे.

आयडी चालू ठेवायची तर महिन्याला ६,००० ची खरेदी. २५ तारखेपासून फोन सुरू. २९-३० ला रात्री अकरा वाजता वरच्या मॅडमचा फोन. (आमच्यात ‘ताई’ म्हणतात. मीटिंगमध्ये ‘मॅम’ म्हणायला शिकवलं, तेव्हापासून त्या मॅम झाल्या.) ‘फक्त १,४०० कमी पडतायत. टीमचं सगळं अडलंय तुझ्यामुळे. तूच घेऊन टाक ना, पुढच्या महिन्यात विकला जाईल.’ ‘टीमचं अडलंय’ म्हटलं की माणूस बांधला जातो. आपल्यामुळे चार बायकांचा बोनस बुडू नये म्हणून मी घ्यायचे. पुढच्या महिन्यात तो माल विकला जायचा नाही, कारण गिऱ्हाईकं तीच. भिशीतल्या बारा, गल्लीतल्या दहा, माहेरच्या आठ. एका घरात डबे लागून लागून किती लागणार? मग तो माल माळ्यावर जायचा, आणि पुन्हा महिनाअखेर यायची. तुमच्या कागदावर ही सगळी विक्री. प्रत्यक्षात तुमची ग्राहक मीच होते.

लाडक्या बहिणीचे पैसे सुरू झाले तेव्हा एका मीटिंगमध्ये सांगण्यात आलं, ‘आता घरबसल्या १,५०० येतात. ते नवऱ्याच्या हातात देऊ नका, स्वतःच्या बिझनेसमध्ये टाका.’ समोर बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या निम्म्यांच्या घरात त्या पैशांतून गॅस भरला जातो किंवा मुलांची फी. सरकारने बाईच्या खात्यावर टाकलेले पैसे तुमच्या महिनाअखेरीचा खड्डा भरायला नाहीत. माझ्या खालच्या एकीने सलग चार महिने ते पैसे यात घातले. मी तिला अडवलं नाही. हे मी लपवणार नाही.

आता हिशेब. मी वही ठेवली होती, पण बेरीज कधी केली नव्हती. मेसेज आल्यावर मुलीला घेऊन बसले. दोन रात्री लागल्या. २६ महिन्यांचं जसं आहे तसं लिहिते.

मालासाठी कंपनीला भरले: १,८६,४००.
गिऱ्हाइकांकडून हातात आले: १,७१,२५०.
टीमवरचं कमिशन: ७,८५०.
३१ पार्ट्यांचा चहा, पोहे, भडंग, सरबत: २०,१५०.
होस्टेसला आणि खेळात जिंकणाऱ्यांना द्यायच्या भेटवस्तू, माझ्या पैशाने: ११,३००.
कोल्हापूरच्या मीटिंगा, पुण्याचा वार्षिक कार्यक्रम, जाण्यायेण्यासह: ८,९००.
सुरुवातीचं किट, डेमोची बॅग, कॅटलॉग: ६,४००.

आलेले पैसे १,७९,१००. गेलेले पैसे २,३३,१५०. म्हणजे ५४,०५० रुपये घरातून गेले. माळ्यावर ३८,७०० चा माल आहे आणि उधारी ९,६०० ची. उद्या शेवटचा डबा मी भरलेल्या किमतीला विकला गेला आणि शेवटचा रुपया वसूल झाला, तरी मी ५,७५० ने तोट्यातच. बचत गटातून २०,००० उचलले होते, त्याचं व्याज यात धरलेलं नाही. पार्टीच्या दिवशी मशीन बंद ठेवलं, त्या ब्लाउजांचे पैसे धरलेले नाहीत. माझ्या कष्टाची किंमत तर धरलेलीच नाही. तुम्ही २५ टक्के मार्जिन सांगता. ओळखीत सूट द्यावी लागते, कारण गिऱ्हाईक म्हणजे नातेवाईकच. हातात पडले ते १८ टक्के.

मुलीने बेरीज दोनदा करून बघितली. मग कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून म्हणाली, ‘आई, तू या लोकांना पगार देत होतीस.’

दुकान काढायचं तर हरभट रोडला गाळ्याचं भाडं भरावं लागतं, डिपॉझिट लागतं, नोकर लागतो, लाइटबिल येतं, न खपलेला माल अंगावर पडतो. तुमचं यातलं काहीच नाही. गाळा म्हणजे माझी पुढची खोली, नोकर मी, लाइट माझी, चहा माझा आणि न खपलेला माल माझ्या माळ्यावर. वर गिऱ्हाईक आणायचं तेही माझ्या नात्यातलं.

त्या नात्याचं लिहायला मला जड जातं, पण लिहायला हवं. तासगावला माझी मावसबहीण आहे. लहानपणी आम्ही दोघी मे महिनाभर एका अंथरुणात झोपायचो. तिला मी माझ्या खाली जॉइन केलं. ती नको म्हणत होती. मी तुमच्याच ट्रेनिंगमधली वाक्यं तिला ऐकवली: ‘नकारात्मक माणसांचं ऐकू नकोस’, ‘भाऊजींना आत्ताच सांगू नकोस, चेक आला की दाखव.’ चेक आला नाही. आठ महिन्यांनी भाऊजींना कपाटात माल सापडला. काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही. यंदा तिच्या मुलीचा साखरपुडा झाला. आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, सगळ्यांना पाठवतात तसं. फोन नाही. आम्ही गेलो, आहेर केला, जेवलो. तिने मला ‘ये’ म्हटलं, ‘बस’ म्हटलं. पण वाढायला ती माझ्या पंगतीकडे आली नाही.

या नुकसानीला कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला माहीत नाही. बायकांनी नवऱ्यापासून व्यवहार लपवावा असं तुमच्या मीटिंगमध्ये माइकवरून शिकवलं जातं. ज्या घरात आधीच पैशाची ओढाताण आहे, तिथे याने काय होतं ते मी चार घरांत पाहिलं आहे.

तिसरी तक्रार सणांबद्दल, आणि ती माझ्यापुरती नाही. आमच्याकडे बायकांनी बायकांकडे जायची निमित्तं मोजकी आहेत. चैत्रातलं हळदी-कुंकू, संक्रांत, मंगळागौर, डोहाळजेवण, बारसं, भिशी. तेवढंच घटकाभर बसणं होतं. आता आमच्या भागात कुणाचं बोलावणं आलं की बायका आधी विचारतात, ‘काही विकायचं नाहीये ना?’ मी गेल्या चैत्रात अगदी साधं हळदी-कुंकू ठेवलं. कैरीची डाळ, पन्हं, बाकी काही नाही. सव्वीस जणींना बोलावलं होतं. सात आल्या. त्या सातजणींपैकी एकीने पर्स आणली नव्हती, आणि ते तिने आल्या आल्या मला सांगितलं.

तुमच्याकडे तक्रार केली नाही असं नाही. माल परत घेण्याबद्दल मी कंपनीच्या ईमेलवर तीन वेळा लिहिलं. पहिल्याला आपोआप येणारं उत्तर आलं. पुढच्या दोन्हींना काहीच नाही. मॅमना विचारलं तर म्हणाल्या, ‘असं वर लिहीत जाऊ नकोस, टीमचं नाव खराब होतं.’

म्हणून मुलीकडून कायदा समजून घेतला. केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ ला थेट विक्रीचे नियम काढले आहेत, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली. कंपनीने विक्रेत्याशी आधी लेखी करार करायचा आणि त्याच्या अटी न्याय्य आणि रास्त असल्या पाहिजेत, असं त्यात आहे. आमचा करार म्हणजे मोबाईलवर ‘सहमत’ म्हणून दाबलेलं एक बटण, तेही इंग्रजीत. ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ नसताना विक्रेत्याने कुणाच्या दारात जायचं नाही, आणि बोलायला सुरुवात करतानाच आपण कोण, कुठल्या कंपनीचे, कशासाठी आलो, ते खरं खरं सांगायचं, हेही त्यात आहे. हळदी-कुंकवाला बोलावून डेमो दाखवणं यात कसं बसतं, ते तुम्ही सांगा. तक्रारीची पोच ४८ कामकाजाच्या तासांत द्यायची आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा, हेही आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विक्रेत्यांनी विकलेल्या मालाबद्दलच नाही, तर त्यांनी दाखवलेल्या ‘व्यवसायाच्या संधी’बद्दलच्या तक्रारींनाही कंपनी जबाबदार आहे. ‘ते तुमच्या अपलाइनने (तुमच्या वरच्या कन्सल्टंटने) सांगितलं असेल, कंपनीने नाही’ हे उत्तर आता चालणार नाही.

माणसं जोडण्यावरच पैसा फिरवणाऱ्या योजनांना त्या नियमांत बंदी आहे आणि १९७८ पासून त्याविरुद्ध वेगळा कायदाही आहे. तुमची योजना तशी आहे असं मी म्हणत नाही. ते ठरवण्याचा अधिकार माझा नाही. मी फक्त एवढं विचारते, की माझ्या ३८,७०० च्या मालाला कुणी ग्राहक नसताना तो ‘विक्री’त कसा मोजला गेला?

याच नियमांनी राज्य सरकारलाही काम दिलं आहे. अशा कंपन्यांवर आणि विक्रेत्यांवर देखरेखीची यंत्रणा प्रत्येक राज्याने उभी करायची आहे. सांगली जिल्ह्यात ही देखरेख कोण करतं, त्यांचं टेबल कुठे आहे, हे आम्हा बायकांना कुणी कधी सांगितलं नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाने आणि राज्याच्या अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाने तो माणूस आणि तो फोन नंबर मराठीत जाहीर करावा. बचत गटांच्या बैठकांमधून तो पोचवणं सोपं आहे, तिथे बायका आधीच बसलेल्या असतात.

तुमच्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

१. १०,००० चा नियम मागे घ्या. आणि ६,००० चाही. आयडी चालू ठेवायला बाईने स्वतः खरेदी करायची अटच नको. मोजायचंच असेल तर पावतीसह ग्राहकाला विकलेलं मोजा.

२. सील न फोडलेला, मुदत न संपलेला माल परत घ्या, आम्ही भरलेल्या किमतीला, गेल्या दोन वर्षांतला सगळा. वाहतूक तुमची. पैसे खात्यावर द्या. त्या बदल्यात दुसरा माल किंवा पॉइंट नकोत.

३. जॉइन करण्याआधी बाईच्या हातात मराठीत करार द्या. तो घरी नेऊन, घरच्यांना दाखवून, आठ दिवसांनी सही करायची मुभा द्या. त्यासोबत एक कागद द्या: सांगली जिल्ह्यात तुमच्या किती कन्सल्टंट आहेत, आणि गेल्या वर्षी सगळा खर्च वजा जाता त्यातल्या किती जणींच्या हातात पैसे राहिले. स्टेजवर हार घालून उभी केलेली एक बाई आम्हाला पुरे नाही.

४. पार्टीचा चहा-फराळ आणि भेटवस्तू यांचा खर्च कंपनीने द्यावा.

५. सण, हळदी-कुंकू, डोहाळजेवण, बारसं यांत डेमो ठेवायला बंदी करा. बोलावण्यातच ‘विक्री होणार आहे’ असं लिहिलेलं असावं. ऑर्डर फॉर्म प्रत्येकीला वेगळा द्या, आणि तो घरी जाऊन भरायची सोय ठेवा.

६. रात्री आठनंतर टार्गेटचे फोन बंद. ‘घरच्यांना सांगू नका’ हे वाक्य तुमच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये पुन्हा ऐकू येता कामा नये. सरकारी योजनेच्या पैशांचं नाव काढायचं नाही.

७. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि चालू असलेला नंबर मराठीत कळवा. माझ्या तीन ईमेलना उत्तर द्या.

माझ्यासारख्या बायकांनाही एक सांगते. वही काढा आणि बेरीज करा. भीती वाटते, मलाही वाटली. ज्यांनी फक्त ग्राहक म्हणून माल घेतला आणि फसल्यासारखं वाटतंय, त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. आणि माझ्याकडून ज्यांनी संकोचापोटी काही घेतलं असेल आणि ते तसंच पडून असेल, त्यांनी ते माझ्याकडे आणून द्यावं. कंपनीने परत घेतलं नाही तरी मी घेईन, हप्त्याहप्त्याने का होईना, पैसे देईन. काकूंचे तीन डबे मी परवा घेऊन आले. त्या नको नको म्हणत होत्या.

तासगावला मी रविवारी जाणार आहे. तिच्याकडचा माल माझ्या यादीत धरला आहे.

खोके मी खाली काढून मोजले. अकराचे तेरा झालेत. प्रत्येकात काय आहे, कधी घेतलं, काय किमतीला घेतलं, याची यादी या पत्रासोबत स्पीड पोस्टाने तुम्हाला पाठवली आहे. तुमची गाडी कधी येणार ते कळवा. जून लागायच्या आत मला माळा मोकळा हवा आहे.

आपली,
तुमची एक कन्सल्टंट
गावभाग, सांगली